पायरीवरची पाटी

प्रति,
मा. केंद्रप्रमुख साहेब,
केंद्रीय प्राथमिक शाळा, शेवडगव्हाण,
ता. वसमत, जि. हिंगोली.

अर्जदार : नर्मदाबाई माणिकराव इंगोले, वय ७१, व्यवसाय शेती व घरकाम, रा. शेवडगव्हाण.

विषय : दि. ९ मार्चच्या साक्षरता चाचणीत एका वर्गातल्या बाईने बघून लिहिले, ते कळवावे की कळवू नये याबाबत. तसेच शाळेच्या रजिस्टरातील सन १९६२ च्या एका नोंदीबाबत.

संदर्भ : मुख्याध्यापक विश्वंभर सर यांनी दि. १२ मार्च रोजी अर्जदाराच्या घरी येऊन दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

अर्जदाराचे यजमान कै. माणिकराव हे वसमतला तहसीलीच्या दारात लिंबाखाली बसून छत्तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत. त्यांचा एक नियम होता. अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे. 'मी' आला की माणूस रडू लागतो आणि साहेब पान उलटतात. तो नियम या अर्जात पाळला आहे. तरी कुठे रडणे आलेच, तर ते यजमानांच्या शिकवणीविरुद्ध आले आहे असे समजावे.

(१) अर्जदार ही आपल्या केंद्रातील नोंदलेली असाक्षर आहे. असाक्षर बाईने एवढा लांब अर्ज कसा लिहिला, हा प्रश्न साहेबांना पडला असेल. अर्जदार सन १९६७ साली सातवी पास झालेली आहे. प्रमाणपत्र जोडले आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण गुण वाचता येतात. दिवाळीनंतर विश्वंभर सर घरी आले. साक्षरतेच्या वर्गाला वीस बाया लागत होत्या, एकोणीस मिळाल्या होत्या. सर म्हणाले, "काकू, एक नाव कमी पडायलंय. तुमी नुसतं येऊन बसा." अर्जदार म्हणाली, "अरे, मी सातवी हाय. तुझ्या बापाला पाढे मी शिकवलेत." सर म्हणाले, "ते कोन इचारायलंय, काकू? वर फक्त आकडा जातो."

अर्जदाराने होकार दिला. शाळेला मदत म्हणून दिला, असे तिने सुनेला, शेजारणीला आणि पुण्याच्या मुलाला सांगितले. ते खरे नाही. यादीतले एकोणिसावे नाव पद्माबाई जळबा खिल्लारे हे होते, आणि विसावे नाव तिच्या शेजारी बसणार होते.

पद्माबाई ही अर्जदारासारखीच याच गावची लेक आणि याच गावची सून. वय अर्जदाराएवढेच. तीस-बत्तीस हंगाम ती अर्जदाराच्या शेतात हळद काढायला येत होती. दुपारी बांधावर भाकरी खाताना ती बाभळीच्या त्या बाजूला बसे, अर्जदार या बाजूला. बोलणे व्हायचे ते पाऊस, लेकरे, गुडघे एवढेच. एका सतरंजीवर दोघी कधी बसल्या नव्हत्या. अर्जदाराने एकाहत्तराव्या वर्षी असाक्षर होऊन तेवढे साधले.

(२) वर्ग रोज संध्याकाळी अंगणवाडीच्या खोलीत भरे. शिकवायला पद्माबाईची नात ऐश्वर्या होती. ती वसमतला कॉलेजात जाते. मुलगी शिस्तीची आहे. स्वतःच्या आजीलाही, "पद्माबाई, फळ्याकडं बघा," असे म्हणे; पद्माबाई हात जोडून, "व्हय बाई," म्हणे, आणि खोली हसून घेई. अर्जदाराला मात्र तिथे फार कष्ट पडले. येत असलेले येत नाही असे दाखवणे सोपे नसते. 'क' मुद्दाम वाकडा काढावा लागे, वाचताना अडखळावे लागे. पद्माबाईने एकदा वहीत डोकावून म्हटले, "नर्मदे, तुला तं अडाणी व्हायला बी नीट येईना."

पद्माबाई मात्र खरोखर शिकली. चार महिन्यांत ती सावकाश, बोट ठेवून, पण न थांबता वाचू लागली. आषाढी पौर्णिमेपासून विहारात तीन महिने रोज ग्रंथवाचन असते. वाचणाऱ्यांच्या पाळ्या लागतात. आजवर ती मागे भिंतीला टेकून ऐकत आली. यंदा पहिल्यांदाच एक दिवस तिच्या नावाने ठेवायचे ठरले आहे. साहेबांनी पुढचे सगळे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, कारण या प्रकरणात तिचे जे जाऊ शकते ते हे आहे. नक्कल करून पास झालेली बाई विहारात वाचायला बसली, असे कोणी म्हटले, तर ती पुन्हा भिंतीशी जाऊन बसेल. अर्जदार तिला ओळखते. ती भांडणार नाही, नुसती उठून जाईल.

(३) आता चाचणीचे. शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. पद्माबाई अर्जदाराच्या डाव्या हाताला होती. पहिल्या पानावर स्वतःचे नाव, पतीचे नाव, गाव एवढे लिहायचे होते. पुढे वाचनाचे प्रश्न, मग 'माझे घर' यावर पाच ओळी, मग गणित.

थोड्या वेळाने अर्जदाराच्या ध्यानात आले की पद्माबाईची मान इकडे आहे. ती चोरून बघत नव्हती. बाजारात वांगी निवडताना बघतात तसे उघड बघत होती, एक अक्षर बघायचे, एक लिहायचे. देखरेखीला असलेल्या बाई खिडकीशी फोनवर होत्या. अर्जदाराने काय करायला हवे होते ते साहेबांना सांगायला नको. अर्जदाराने आपला पेपर चार बोटे डावीकडे सरकवला. तिला वाटले, आपण काही तरी परत करतो आहोत. त्या वेळी तिला त्यात फार बरे वाटले, हेही लिहिणे भाग आहे.

(४) दि. १२ रोजी विश्वंभर सर पिशवीत दोन पेपर घेऊन आले, पलंगावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "काकू, यातला तुमचा कंचा?"

दोन्ही पेपरांवर नर्मदाबाई हेच नाव होते. दोन्हींवर पती माणिकराव. सर म्हणाले, "काका गेले म्हून बरं, न्हाई तं या वयात घरात सवत आली असती." पुढे 'माझे घर'च्या पाच ओळी. अर्जदाराने त्यात लिहिले होते की, माझा मुलगा पुण्याला असतो, फोन करतो म्हणतो, करत नाही. पद्माबाईच्या पेपरातही तिचा मुलगा पुण्याला गेला होता आणि फोन करत नव्हता. खरे तर तिचा प्रेमानंद तिच्याच घरात राहतो आणि दिवसातून चारदा आईवर ओरडतो, आई त्याच्यावर पाचदा.

सरांनी तोडगा आणला होता. एका पेपरवरचे नाव खोडून तिथे पद्माबाई जळबा असे ते घालणार, पाच ओळी थोड्या खाली-वर करणार. "तुमी फक्त गप बसायचं, काकू. ईसच्या ईस पास." अर्जदाराने विचारले, "अन् मी वर कळवलं तं?" सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग तिच्या नावापुढं नक्कल असा शेरा पडंल. पोरीला वर्गावरून काढतील. मला बी नोटीस. अन् कळवायचं कशापायी? कोनाचं काय गेलं?"

सर वाईट नाहीत. त्यांच्यावर फक्त आकड्याचे ओझे आहे.

(५) त्यानंतर दोन दिवस अर्जदाराला भाकरी गोड लागली नाही. कळवावे, तर पद्माबाईच्या नावावर शेरा. न कळवावे, तर पद्माबाईच्या नावाने दुसराच कोणी लिहिणार, दुसरीचे घर तिचे म्हणून दाखवणार आणि तिला पास करणार. चार महिने बोट ठेवून जे तिने स्वतः कमावले ते या पेपरात कुठेच दिसणार नाही. यजमान असते तर म्हणाले असते, अर्ज कोणाविरुद्ध आहे ते आधी ठरव, मग कागद घे. तेच ठरेना. शेवटी अर्जदार उठून पद्माबाईच्या घरी गेली. त्या वस्तीत ती लग्नकार्याला, मयतीला गेलेली आहे. तिच्या उंबऱ्याच्या आत मात्र त्या दिवशी पहिल्यांदा गेली.

(६) पद्माबाई तुरी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "ये. सर तुझ्याकडं येऊन गेले म्हणं."

अर्जदाराने विचारले, "पद्मा, माझं नाव काहून लिहिलंस? तुला तुझं येतंय की."

"येतंय. पण म्हणलं, करायचीच तं पुरी करावी. अर्धी काहून?"

"पण केलीसच काहून? तुला सगळं येत होतं."

तिने सूप खाली ठेवले आणि ऐश्वर्याला हाक मारली. ऐश्वर्याने आतून एक कागद आणला. जानेवारीत वयाच्या दाखल्यासाठी आजीचा शाळेचा निर्गम उतारा काढला होता, त्याची प्रत. ऐश्वर्या वाचून दाखवणार होती, पण पद्माबाईने कागद स्वतःकडे घेतला आणि बोट ठेवून वाचले : पद्मा कोंडीबा. इयत्ता दुसरी. शाळा सोडण्याचे कारण, परीक्षेत नक्कल, नाव कमी केले. वर्तणूक, लबाड.

मग म्हणाली, "लेखी हाय, हे मला ठाव नव्हतं. वाचाया शिकले अन् पहिलं हेच वाचलं. त्रेसष्ट वर्षं झाली नाव लागून. केलं तं कधीच नव्हतं. म्हणलं, मरायच्या आदी एकदा करून तं बघावं, कसं असतंय. लई काही न्हाई बघ. मान दुखती."

ऐश्वर्या रागाने म्हणाली, "आजी, माझं नाव जाईल गं यात." पद्माबाई म्हणाली, "तुझं जाणार न्हाई बाई. जाईल तं माझंच. माझ्या नावाला जायची सवय हाय."

अर्जदाराने विचारले, "मग मी कळवू का?"

"कळव की. तवा नुसतं बोट केलं व्हतंस, आता लिहाया येतंय तुला." मग सूप पुन्हा हातात घेत म्हणाली, "पण नर्मदे, आदी पहिलं कळव. मग दुसरं."

(७) साहेब, हा क्रम अर्जदाराने पाळलेला नाही. हा अर्ज तिने तीनदा लिहायला घेतला आणि तिन्ही वेळा दुसऱ्यापासूनच सुरुवात झाली. सहा परिच्छेद झाले, आता पुढे ढकलायला काही उरलेले नाही.

सन १९६२. जिल्हा तेव्हा परभणी होता. शाळेला इमारत नव्हती, शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरे. आम्ही पोरी वर ओसरीत. पद्मा देवळाच्या तिसऱ्या पायरीवर, एकटी, गोणपाट टाकून. तिथून पुढे यायची तिला मुभा नव्हती. त्या वयात अर्जदाराला त्याचे काही वाटत नसे, पायरी ही पद्माचीच जागा असते असे वाटे. गणित तिला सगळ्यांहून चांगले येई. गुरुजींनी वरून प्रश्न टाकला की पायरीवरून उत्तर येई, आणि गुरुजी ते उत्तर ओसरीतल्या कोणाकडून तरी पुन्हा घेत.

परीक्षेच्या दिवशी गुरुजींनी पाच उदाहरणे सांगितली. अर्जदाराला वजाबाकी येईना. तिने पाणी प्यायचे म्हणून सुटी मागितली, पायऱ्या उतरली, आणि उतरताना पद्माच्या पाटीवरची पाचही उत्तरे वाचून घेतली. पाणी न पिताच वर आली. पद्माची चार बरोबर होती. पाचवे, सत्त्याऐंशीतून एकोणपन्नास, तिचे चुकले होते. तिने अठ्ठेचाळीस लिहिले होते. अर्जदारानेही अठ्ठेचाळीस लिहिले.

गुरुजींनी पाट्या पाहिल्या. पद्माची पाटी ते हातात घेत नसत. ती लांबून धरून दाखवी. दोन्ही पाट्यांवर तेच अठ्ठेचाळीस. गुरुजींनी विचारले, कोणी कोणाची बघितली? अर्जदार बोलली नाही. तिने बोट केले.

पद्मा म्हणाली, "गुरुजी, मला हितून वरचं दिसतच न्हाई." गुरुजी म्हणाले, उलट बोलू नको.

पायरीवर बसलेल्या पोरीला ओसरीतली पाटी दिसत नाही. ओसरीतून उतरणारीला पायरीवरची पाटी दिसते. हे कोणालाही पायरीवर बसून बघता आले असते. कोणी पायरीवर बसून बघितले नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील कोंडीबा देवळासमोर उन्हात हात जोडून उभे राहिले. गुरुजी शिकवत राहिले. मधली सुट्टी झाली तेव्हा कोंडीबा निघून गेले होते. महिन्याभराने दिपोटी साहेब तपासणीला आले आणि दुसरीतली हुशार मुलगी म्हणून अर्जदाराला त्यांनी एक रंगीत पेन्सिल दिली. ती संपेपर्यंत अर्जदाराने वापरली. त्याच पावसाळ्यात पद्मा आईबरोबर निंदायला जाऊ लागली, आणि अर्जदार तिसरीत गेली.

अर्जदार तेव्हा आठ वर्षांची होती, हे कारण ती साठ वर्षे स्वतःला सांगत आली. आठव्या वर्षी केले ते ठीक. पण वीस वर्षांची झाल्यावर सांगता आले असते. चाळिसाव्या वर्षी बाभळीच्या या बाजूने त्या बाजूला जाता आले असते. घरात अर्ज लिहिणारा माणूस होता, कागद होता, शाई होती. यजमानांनाही अर्जदाराने हे कधी सांगितले नाही.

(८) आणखी एक गोष्ट राहिली. ती विश्वंभर सरांना माहीत नाही. परवाच्या चाचणीत गणिताच्या पानावर पद्माबाईने मान वळवली नाही. ते सगळे तिने स्वतःच सोडवले. एक प्रश्न असा होता, की शहाण्णव रोपे आठ सरींत सारखी लावायची, तर एका सरीत किती? अर्जदाराला सोपा भागाकार. पण त्या क्षणी डोके चालेना, आणि सातवी पास अर्जदाराने डावीकडे बघितले. पद्माबाईच्या ते ध्यानात आले. तिने हात बाजूला घेतला आणि हळूच म्हणाली, "बारा. लिही."

अर्जदाराने लिहिले.

तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढीलप्रमाणे व्हावे, अशी नम्र विनंती आहे :

अ) अर्जदाराचा पेपर रद्द करावा आणि तिचे नाव असाक्षरांच्या यादीतून काढावे. आकडा एकोणीस होतो, तो एकोणीसच वर कळवावा.

आ) पद्माबाईच्या पेपरवर दुसऱ्या कोणाच्या हाताने तिचे नाव घालू देऊ नये. तिने बघून लिहिले आहे, हे अर्जदार या अर्जाने कळवत आहे. आणि तिला दाखवले अर्जदाराने, हेही कळवत आहे. गणिताचे गुण तिचे तिला द्यावेत. वाचन-लेखनाची चाचणी साहेबांनी स्वतः समोर बसून पुन्हा घ्यावी. शेजारी कोणालाही बसवू नये. ती पास होईल. हे विहारातल्या पाळ्या लागण्याच्या आत व्हावे.

इ) ऐश्वर्या हिचा यात काहीही दोष नाही. तिला वर्गावरून काढू नये.

ई) सन १९६२ च्या नोंदीसमोर असे लिहावे : 'नक्कल सदर विद्यार्थिनीने केली नव्हती. नक्कल नर्मदा हिने केली.' त्याच रजिस्टरात पुढे अर्जदाराची स्वतःची नोंद आहे, तीत 'वर्तणूक, उत्तम' असे आहे. ते खोडावे. एकदा विद्यार्थी शाळेतून गेला की नोंद बदलता येत नाही, हा नियम अर्जदाराला ठाऊक आहे. यजमानांनी असले अर्ज पुष्कळ लिहिले आणि फार थोडे मंजूर झालेले पाहिले. नियम आडवा येत असेल तर हा अर्जच त्या पानाला डिंकाने चिकटवावा. जो कोणी ते पान उघडेल त्याला दोन्ही कागद एकदम दिसतील, एवढे तरी व्हावे.

जो काही हुकूम होईल तो पद्माबाईला तिच्या नावाने वेगळा पाठवावा. अर्जदारामार्फत किंवा सरांमार्फत तोंडी कळवू नये. तिला वाचता येते.

हा अर्ज देण्यापूर्वी अर्जदाराने तो पद्माबाईला तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. सातवा परिच्छेद तिने अर्जदाराच्या हातातून घेऊन स्वतः वाचला. त्याला वेळ लागला. अर्जदार तोवर अंगणाकडे बघत बसली. वाचून झाल्यावर तिने एवढेच म्हटले, "बराबर हाय." मग कागद परत देताना एका शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाली, "एवढं काढ."

अर्जदाराने मूळ मसुद्यात तिचा उल्लेख जागोजागी 'मैत्रीण' असा केला होता. तिच्या सांगण्यावरून तो शब्द सगळीकडून काढला असून, विषयाच्या ओळीत त्या जागी 'एका वर्गातल्या बाईने' असे केले आहे. त्या खाडाखोडीशेजारी अर्जदाराची सही आहे.

दि. १७ मार्च २०२५
शेवडगव्हाण

आपल्या यादीतील विसावी,
(सही) नर्मदाबाई माणिकराव इंगोले

सोबत : १) अर्जदाराचे इयत्ता सातवीचे प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत नको.
२) पद्मा कोंडीबा यांच्या निर्गम उताऱ्याची प्रत, त्यांच्या परवानगीने.